तळ्याकाठचं ऑफिस आणि पश्चिमेचं ऊन

आमचं नवीन ऑफिस तळ्याच्या काठावर झालं तेव्हापासून जो येतो तो एकच विचारतो, "ग्रीन बिल्डिंग म्हणून राहिले ना तुम्ही, म्हंजे सोलर लावलं का?" हो भाऊ, लावलं सोलर. पण खरं सांगू का, या सगळ्या भानगडीत सोलर हा सर्वात सोप्पा भाग होता, व्हेंडर आला, गच्ची मोजली, पॅनल लागले, महावितरणचं नेट मीटर बसलं, विषय संपला. जीव काढला तो बाकीच्या गोष्टींनी, आणि त्या कोणाला दिसतही नाहीत, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

मी इंजिनिअर नाही हे आधीच सांगतो. ॲडमिनचा माणूस. सरांनी ग्रीन सर्टिफिकेशनची फाइल माझ्याकडे सरकवली त्याचं कारण एवढंच की "तुले कागद सांभाळता येतात". तळ्याचं नाव लिहीत नाही, आमच्या सरांना आवडणार नाही. नागपुरात तळी काही कमी नाहीत, अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर, त्यातलंच एक समजा. महत्त्वाचं हे की आमचा प्लॉट तळ्याच्या पूर्व काठावर आहे, म्हणजे तळं आमच्या पश्चिमेला.

आता ज्याला नागपूरचा मे महिना माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही, तरी सांगतो. सरांचं स्वप्न होतं की पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची, खालपासून वरपर्यंत, खुर्चीत बसलं की समोर पाणीच पाणी. मोबाइलमध्ये दुबई-सिंगापूरचे फोटो सेव्ह करून ठेवलेले. आर्किटेक्ट मॅडमनी ते सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि पुढच्या मीटिंगला सूर्याच्या मार्गाचा नकाशा घेऊन आल्या. नागपूर २१ अक्षांशावर, त्यामुळे २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि त्या दिवसांत संध्याकाळी तो सरळ पश्चिमेला मावळत नाही, वायव्येकडे सरकून मावळतो. म्हणजे दुपारी एकपासून पार पावणेसातपर्यंत ऊन आपल्या काचेवर, ते पण बाहेर ४५ असताना. वरून छज्जा काढला तर? काही उपयोग नाही, कारण संध्याकाळचं ऊन खाली उतरून समोरून येतं, छज्ज्याखालून सरळ टेबलावर.

सर म्हणाले, भारी काच लावू, पैसे लागले तर लागू दे. मग मॅडमनी ईसीबीसी काढला, इमारतींसाठी ऊर्जा बचतीचा जो कोड आहे तो. २०१७ च्या आवृत्तीत असं आहे की भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त काच नको, आणि आपल्या हवामानाच्या गटात, नागपूर कंपोझिटमध्ये येतं, तिथे काचेचा एसएचजीसी ०.२७ च्या वर नको. म्हणजे उन्हाची जी उष्णता काचेवर पडली त्यातली २७ टक्क्यांच्या वर आत यायला नको. एवढी उष्णता अडवणारी साधी काच गडद असते, उजेडही खाते, मग भर दुपारी लाइट लावून बसा. उष्णता अडवून उजेड सोडणारी काच मिळते, पण ती घेऊनही पूर्ण भिंत काचेची केली तर एसीचा टनेज एवढा वाढत होता की सरांच्या सीएनेच तोंड वाकडं केलं.

पण सर आकड्यांनी मानले नाहीत. ते मानले आमच्याच जुन्या भाड्याच्या ऑफिसमुळे. तिथेही दर्शनी भाग काचेचा होता, आणि त्या काचेवर आमच्या लोकांनी जुने फ्लेक्स, चार्ट पेपर, एका ठिकाणी तर गणपतीच्या सजावटीतला थर्माकोल लावून ठेवलेला होता. मॅडमनी त्याचे फोटो स्क्रीनवर लावले, बोलल्या काहीच नाहीत. मग विचारलं, "सर, व्ह्यू कोणाला पाहिजे आणि किती वाजता?" यावर जरा वेळ कोणीच बोललं नाही. कारण दुपारी तीनला तळ्याकडे पाहणारा माणूस डोळे मिचकावतोच फक्त, तळं पाहावंसं वाटतं ते सकाळी आणि सूर्य कलल्यावर.

तिथून प्लॅन पूर्ण बदलला. जिना, संडास-बाथरूम, रेकॉर्ड रूम, सर्व्हरचं सोडून बाकी जे जे थंड नसलं तरी चालतं ते सगळं नैऋत्य कोपऱ्यात भरलं. लोकांची टेबलं उत्तरेच्या खिडक्यांकडे. आणि पश्चिमेला आठ फूट रुंद व्हरांडा, त्याला बाहेरून उभ्या पात्या. या पात्यांवर मॅडमनी जो वेळ घालवला तो मी कधी विसरणार नाही. त्या नैऋत्येकडे वळवल्या आहेत, म्हणजे मे-जूनमध्ये वायव्येकडून येणारं ऊन पातीच्या पाठीवर आपटतं आणि डिसेंबरातलं, नैऋत्येकडून येणारं कोवळं ऊन आत येतं, जे आपल्याला हवंच असतं. पातींच्या फटीतून तळं दिसतं, थोडं तिरपं दिसतं पण दिसतं. ऑक्टोबर हीटमध्ये मात्र त्रास होतो, तेव्हा सूर्य जवळपास सरळ पश्चिमेला असतो आणि पात्यांमधून घुसतो, तिथे शेवटी चिकाचे पडदे लावले, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात एक एसीवाले सल्लागार आले. त्यांची आयडिया ऐकून सरांचे डोळे चमकले. म्हणे तळ्याचं पाणी पाइपने आणायचं, त्याने बिल्डिंग थंड करायची आणि पाणी परत तळ्यात सोडायचं, टोरोंटोत करतात. करतात खरं, २००४ पासून, पण तिथे लेक ऑन्टारिओच्या ८३ मीटर खोलातून ४ डिग्रीचं पाणी येतं हो, आणि ते परत तलावात नाही, शहराच्या नळाला जातं. आपलं तळं केवढं, खोल किती, आणि मे महिन्यात ते पाणी हाताला कोमट लागतं. त्यात वर आणखी गरम पाणी सोडलं तर आधीच ऑक्सिजन कमी, उन्हाळ्यात मासे मरून तरंगतात ते आणखी मरतील. आणि तळं आपलं आहे का? प्लॉट आपला आहे, तळं नाही. हा मुद्दा मीच मांडला मीटिंगमध्ये आणि माझ्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं जणू टेबल बोललं.

कूलिंगचं उत्तर शेवटी नागपुरी निघालं. आपल्या इथे दर घरात कूलर का चालतो? कारण मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते, आर्द्रता १५-२० टक्के, अशा हवेतून पाणी गेलं की पाणी उडतं आणि हवा थंड होते. ४५ डिग्रीची हवा चांगल्या पॅडमधून २७-२८ पर्यंत येते. हेच मोठ्या प्रमाणात केलं, टू-स्टेज मशिन घेतली, पहिल्या टप्प्यात हवा ओली न होता थंड होते, दुसऱ्या टप्प्यात पॅडमधून जाते, त्यामुळे चिकचिक कमी. मृग लागला आणि हवेत दमटपणा आला की ती बंद आणि व्हीआरएफ, म्हणजे एका बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्या थंड करणारा एसी चालू, कारण जुलैत कूलर म्हणजे नुसता ओला वारा. दोन सिस्टिम ठेवायचा खर्च जास्त आहे, यावर अकाउंटवाल्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. सोबत सगळीकडे छताचे पंखे लावले आणि एसी २६ वर. पंखा फिरत असेल तर २६ ला घाम येत नाही, पण हे लोकांना पटवायला मशिन बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आमच्या सेल्सच्या एका पोराचं म्हणणं होतं की पंखा लावला की ऑफिस सरकारी वाटते. आता काय बोलावं.

कूलरचा एक लोचा मात्र आहे आणि तो कोणी ब्रोशरमध्ये लिहीत नाही. तो वीज वाचवतो पण पाणी पितो. आणि पाणी पितो तो नेमका एप्रिल-मे मध्ये. आमच्या छतावरचं पावसाचं पाणी आम्ही टाकीत साठवतो, हिशेब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, आमचं छत साधारण ६०० चौरस मीटर, नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिमी पडतो, थोडं वाया गेलेलं सोडलं तरी पाच लाख लिटरच्या वर. वाचायला मस्त वाटतं. पण एवढी मोठी टाकी कोण बांधतो, ती चार महिने भरते-वापरते-भरते आणि नंतर जे उरतं ते उन्हाळा यायच्या आतच संपतं. मे मध्ये कूलरला नळाचंच पाणी. बोअरचं चालत नाही, जड पाणी आहे, पॅडवर पांढरे थर बसतात.

टाकीच का, पाणी जमिनीत जिरवायचा रिचार्ज पिट का नाही, हे पण विचारतात लोक. ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला रेन वॉटर हार्वेस्टिंग कंपल्सरी आहे त्यामुळे बहुतेक लोक एक खड्डा करून त्यात दगड भरून मोकळे होतात. आमच्याकडे तळं शेजारीच, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी एवढं वर येतं की खड्डा आधीच भरलेला, त्यात आपण आणखी कुठलं पाणी जिरवणार. वरून काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि फुगली की पाणी जिरूच देत नाही. याच मातीमुळे फाउंडेशनला खर्च किती वाढला तो वेगळाच विषय.

मग एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. ऑफिसचं सांडपाणी कुठल्याही परिस्थितीत तळ्यात जायला नको, ही अट मॅडमनी पहिल्याच दिवशी घातलेली. मशिनवाला एसटीपी घ्यायचा तर चोवीस तास ब्लोअर आणि त्याचा ऑपरेटर. नीरीचं फायटोरिड नावाचं तंत्रज्ञान आहे, नीरी म्हणजे आपलीच वर्धा रोडवरची पर्यावरण संशोधन संस्था, देशभरात हे प्रकल्प झाले आणि आपल्यालाच माहीत नाही. त्यात आधी सेप्टिक टँकसारख्या टाकीत गाळ बसतो, मग पाणी खडीच्या लांबट वाफ्यातून हळूहळू सरकतं, वाफ्यात कर्दळ, पाणकणीस असली झाडं, त्यांच्या मुळांवरचे जिवाणू घाण खातात. वीज जवळपास लागतच नाही. जागा मात्र जास्त खाते. सगळ्यात मोठी भीती होती डासांची, डेंग्यूचं नाव घेतलं की नागपुरात कोणीही घाबरतो, पण पाणी खडीच्या खालून वाहतं, वर उघडं पाणी दिसतच नाही, त्यामुळे अंडी घालायला जागाच नाही. त्यातून निघालेलं पाणी फ्लशला आणि झाडांना. फ्लशला "तसलं पाणी" वापरायला काही लोकांनी नाकं मुरडली, त्यांना मी सांगितलं की शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला द्यायचा रोज १३० दशलक्ष लिटरचा प्रकल्प आहे, तिथे चालतं तर आपल्या संडासात का नाही. आता कर्दळीला लाल-पिवळी फुलं आली आहेत आणि सर पाहुण्यांना तो बगीचा म्हणून दाखवतात. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात. मी काही बोलत नाही.

पुराचं सांगायचं राहिलं. सुरुवातीच्या नकाशात बेसमेंट पार्किंग होतं. नकाशा अजून कागदावरच होता आणि २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आली. काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदीचं पाणी झोपलेल्या लोकांच्या घरात, माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढलेल्या. शनिवार होता तो. सोमवारच्या मीटिंगला बेसमेंटच्या बाजूने बोलायला एकही माणूस नव्हता, ज्यांनी पंधरा दिवस त्यासाठी भांडण केलं होतं ते पण गप्प. स्टिल्ट पार्किंग झालं, प्लिंथ वाढवला, जनरेटर, इलेक्ट्रिक पॅनल आणि यूपीएस सगळं पहिल्या मजल्यावर नेलं. जमिनीतल्या टाक्यांना खाली काँक्रीटचं वजन देऊन बांधलं कारण भूजल वर आलं की रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. हे सगळं ग्रीनमध्ये मोजतात की नाही यावर सल्लागारांमध्ये वाद झाला. माझं म्हणणं, दर पुरानंतर पॅनल, वायरिंग, फर्निचर फेकून नवं आणायचं असेल तर तुमच्या फाइव्ह स्टार ग्रीन रेटिंगला काय अर्थ आहे.

बांधकामाच्या वेळची गोष्ट वेगळीच. पावसाळ्यात खोदलेली काळी माती धुपून सरळ तळ्याकडे वाहते. ठेकेदार भाऊंचं लॉजिक, "साहेब, तळ्यात मातीच जाऊन राहिली ना, तिथं का मार्बल लावेल आहे काय?" हसू आलं पण मुद्दा गंभीर होता, तळी अशीच उथळ होतात आणि मातीसोबत खताचे अंश गेले की जलपर्णी माजते. उताराच्या टोकाला गाळ बसायचे खड्डे केले, कडेने जाळी लावली, गेटवर ट्रकची चाकं धुवायची सोय केली. दर मोठ्या पावसानंतर खड्डे उपसावे लागत आणि दर वेळी भाऊ मला फोन करून विचारत की आजच काढू का. पार्किंगमधलं पाणीही आता सरळ तळ्यात जात नाही, आधी गवताच्या उथळ चरातून जातं, गाड्यांचं तेल तिथेच अडकतं.

विटा फ्लाय ॲशच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या, सिमेंट पीपीसी जातीचं, त्यात ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. राख आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत डोंगराएवढी. कोळशाची राख वापरून बिल्डिंग ग्रीन कशी, असं एकाने टोमणा मारला. बरोबर आहे, पण ती राख अशीही तयार होतेच, हवेत उडण्यापेक्षा भिंतीत बरी.

काचेवर ठिपके का आहेत हे पण सगळे विचारतात. काचेत तळं आणि आभाळ दिसतं, पक्ष्याला वाटतं पुढे मोकळं आहे, जोरात येऊन आदळतो. दोन-दोन इंचांवर ठिपके असले की त्याला कळतं. पाण्याकडच्या खिडक्यांना ते केले आणि रात्री बाहेरचे फोकस बंद. सरांना बिल्डिंगवर निळा लाइट पाहिजे होता. पावसाळ्यात पहिल्याच आठवड्यात जिन्यातल्या साध्या बल्बवर तळ्याकडून जे किडे आले, त्यानंतर निळ्या लाइटचं नाव निघालं नाही.

आता कागद. सरांना सर्टिफिकेट का पाहिजे होतं ते सांगतो, महाराष्ट्राच्या युनिफाइड डीसीआरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीत, 'गृहा' या ग्रीन रेटिंगचे तीन, चार, पाच स्टार किंवा 'आयजीबीसी' या दुसऱ्या रेटिंगचं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम मिळालं तर बेसिक एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या मानाने जेवढं बांधायची परवानगी असते त्यावर, ३, ५, ७ टक्के जास्त मिळतात. पर्यावरणावर प्रेम कोणाचं किती ते सोडा, एफएसआयवर सगळ्यांचं आहे. त्यासाठी दर टाइलचं चलान, दर पेंटच्या डब्याचं व्हीओसीचं, म्हणजे हवेत उडणाऱ्या रसायनांचं पत्र, वाळू कुठून आली, विटा किती किलोमीटरवरून आल्या. विटावाल्याच्या बिलावर पत्ताच नव्हता, नुसतं "मालाचे पैसे मिळाले". त्याला पत्ता घालून बिल द्या म्हटलं तर त्याला वाटलं इन्कम टॅक्सचा माणूस आलाय, फोनच उचलेना. सायकल स्टँडचेही गुण असतात. केला सायकल स्टँड. मे महिन्यात ४५ डिग्रीत सायकलने येणारा शूर अजून जन्माला यायचाय, सध्या तिथे वॉचमनची बाइक असते. मेट्रो स्टेशन जवळ असल्याचा मात्र खरा फायदा झाला, बरेच जण ॲक्वा लाइनने यायला लागलेत.

पहिला उन्हाळा गेला. छतावर इन्सुलेशन, त्यावर पांढरी चायना मोझॅक, आणि त्याच्या वर सोलरची सावली, यामुळे वरच्या मजल्यावर बसणारे लोक तक्रार करत नाहीत, जे जुन्या ऑफिसात रोज व्हायचं. सोलर मात्र ऐन मे मध्ये अपेक्षेपेक्षा कमी देतो, ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं नाही, पॅनल तापला की २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के घटते, आणि आपल्या इथे पॅनल ६०-६५ ला पोचतो. त्यातून धूळ. धुवायला परत पाणी.

आणि तो व्हरांडा, ज्यासाठी सर आठवडेच्या आठवडे मॅडमशी बोलत नव्हते, तिथे आता संध्याकाळी सहानंतर खुर्ची मिळत नाही. सरांनी स्वतःची मीटिंग तिथेच हलवली आहे. परवा तिथेच बसून त्यांनी नवीन काढलं, तळ्यात एक छोटी जेट्टी करू, पेडल बोट ठेवू, क्लायंट खूश होतील. वकिलांकडून माहितीही काढून आणलेली, की २०१७ च्या पाणथळ नियमांत पिण्यासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेली तळी धरत नाहीत, आणि आपल्याकडची बहुतेक तळी बांधलेलीच, फुटाळ्याचं प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं. मॅडम म्हणाल्या, नियमात बसो की न बसो, तळ्यात खांब टाकायचं ड्रॉइंग माझ्याकडून येणार नाही, दुसरा आर्किटेक्ट पहा. सर माझ्याकडे वळून म्हणाले, तू एक फाइल उघड. उघडली आहे. त्यात अजून एकही कागद नाही.